थायमस ग्रंथी, पेशींचा मृत्यू आणि स्नायूंचे दौर्बल्य

आजच्या व्याख्यानाच्या शीर्षकात ‘मृत्यू’ हा शब्द आहे, आणि वैद्यकविषयक व्याख्यानात तो शब्द ऐकला की श्रोता थोडा सावध होतो. मृत्यू म्हणजे वैद्यकाचा पराभव अशीच आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु आपल्या शरीरात दररोज अब्जावधी पेशी मरत असतात, त्यांतील पुष्कळशा ठरल्या वेळी आणि ठरल्या रीतीने मरतात, आणि या मरणावर आपले आरोग्य अवलंबून असते. ज्या पेशींनी मरावयास हवे होते त्या जगल्या तर काय अनर्थ घडतो, हे समजून घेण्यास स्नायूंच्या एका विकाराची कथा फार उपयोगी पडते. या विकाराचे वैद्यकातील नाव ‘मायास्थेनिया ग्रेव्हिस’ असे आहे. मराठीत आपण त्याला गंभीर स्नायुदौर्बल्य म्हणू.

प्रथम रोगाचे स्वरूप पाहू. हा विकार कोणत्याही वयात होऊ शकतो. तथापि स्त्रियांमध्ये तो बहुधा तरुणपणी आणि पुरुषांमध्ये उतारवयात सुरू होतो. रुग्ण सकाळी उठतो तेव्हा त्याला बरे वाटत असते. दिवस चढत जातो तशी एखादी पापणी खाली ओघळू लागते आणि एका वस्तूच्या दोन वस्तू दिसू लागतात. जेवताना पहिले काही घास नीट चावता येतात, मग जबडा थकतो. बराच वेळ बोलल्यावर आवाज नाकातून येऊ लागतो, पाणी पिताना ते नाकावाटे बाहेर येते, केस विंचरताना हात वर धरवत नाहीत. थोडी विश्रांती घेतली की शक्ती परत येते आणि पुन्हा श्रम केले की ओसरते. वेदना नसतात, त्वचेच्या संवेदना शाबूत असतात, बुद्धी आणि स्मरण यांना काही झालेले नसते. श्वासोच्छ्वासाचे स्नायू दुबळे झाले तर मात्र प्राणावर बेतते.

या लक्षणांमुळे रोग्याच्या वाट्याला एक वेगळेच दुःख येते. सकाळी धडधाकट दिसणारी सून दुपारी हात वर करू शकत नाही, हे घरातल्यांना पटत नाही. वैद्याकडे नेईपर्यंत विश्रांतीने तिची पापणी पुन्हा वर गेलेली असते. आळस, सबब, मनाचे खेळ असे शिक्के अशा रुग्णांवर अनेकदा बसले आहेत. वस्तुतः श्रमाने वाढणारे आणि विश्रांतीने कमी होणारे दौर्बल्य हेच या रोगाचे खरे लक्षण आहे. इंग्लंडमधील वैद्य टॉमस विलिस याने १६७२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशाच एका स्त्रीचे वर्णन केले आहे. दीर्घकाळ बोलल्यावर तिची वाचा तात्पुरती बंद होत असे. त्यानंतर दोनशे वर्षे हे वर्णन विस्मृतीत गेले. १८७९ साली जर्मनीतील विल्हेल्म एर्ब आणि १८९३ साली वॉर्सा येथील सॅम्युएल गोल्डफ्लाम यांनी या विकाराची तपशीलवार नोंद केली. १८९५ साली बर्लिनचे फ्रीडरिख योली यांनी त्याला आजचे नाव दिले. विजेच्या सौम्य धक्क्यांनी स्नायू पुनःपुन्हा आकुंचित केला असता त्याचे आकुंचन क्रमाक्रमाने क्षीण होत जाते, हे त्यांनी दाखविले. मनाचे खेळ असते तर विजेच्या धक्क्याला असे उत्तर मिळाले नसते.

मग बिघाड कोठे असतो? मज्जातंतू निरोगी असतो आणि स्नायूही निरोगी असतो. बिघाड असतो तो दोहोंच्या मधल्या जागेत. मज्जातंतूचे टोक आणि स्नायूचा पृष्ठभाग यांच्यामध्ये एक अतिशय अरुंद फट असते. तिची रुंदी एका मिलिमीटरच्या सुमारे वीस हजाराव्या भागाएवढी असते. मेंदूकडून आलेला संदेश ही फट विजेच्या रूपाने ओलांडू शकत नाही. मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचे रसायन सुटते, ते फट ओलांडून पलीकडे जाते आणि स्नायूच्या पृष्ठभागावरील विशिष्ट प्रथिनांना चिकटते. या प्रथिनांना ‘ग्राही’ म्हणतात. पुरेशा ग्राहींना रसायन चिकटले की स्नायू आकुंचन पावतो.

निसर्गाने येथे मोठी शिल्लक ठेवलेली असते. सुटणारे रसायन आणि ते स्वीकारणारे ग्राही दोन्ही गरजेपेक्षा कितीतरी अधिक असतात. लागोपाठ संदेश येऊ लागले की दर वेळी सुटणारे रसायन थोडे थोडे कमी होते, पण शिल्लक मोठी असल्यामुळे निरोगी माणसाला त्याची जाणीवही होत नाही. ग्राहींची संख्या घटली तर ही शिल्लक संपते. मग पहिला संदेश पोहोचतो, दहावा पोहोचत नाही.

१९३४ साली लंडनच्या ग्रिनिच भागातील एका रुग्णालयात काम करणाऱ्या मेरी वॉकर या डॉक्टर स्त्रीने या रोगावर पहिला परिणामकारक उपचार शोधला. या रुग्णांची अवस्था क्युरारे या विषाने स्नायू लुळे पडलेल्या माणसासारखी असते, हे साम्य त्यांना महत्त्वाचे वाटले. क्युरारेवरील उतारा म्हणून ज्ञात असलेले फायसोस्टिग्मिन त्यांनी आपल्या रुग्णाला टोचले आणि थोड्याच वेळात दौर्बल्य कमी झाले. हे औषध ॲसिटिलकोलीनचे विघटन मंदावते, त्यामुळे ते रसायन फटीत अधिक काळ टिकते. आपल्याकडे नाग चावलेल्या माणसाच्या पापण्या जड होऊन मिटू लागतात, हे ग्रामीण भागातील अनेकांनी पाहिले असेल. नागाच्या विषातील एक घटक याच ग्राहींना चिकटून त्यांचा मार्ग अडवितो. म्हणूनच अशा दंशात प्रतिविषाच्या जोडीला निओस्टिग्मिन हे वॉकर यांच्या औषधाच्या कुळातले औषध दिले जाते.

सर्पविषानेच पुढचे दारही उघडून दिले. तैवानमधील संशोधकांनी तेथील मण्यारीच्या जातीच्या एका सापाच्या विषातून असा घटक वेगळा केला की जो ग्राहींना घट्ट चिकटून बसतो. या घटकाच्या साह्याने ग्राही मोजता येऊ लागले. १९७३ साली अमेरिकेतील फॅम्बरो, ड्राखमन आणि सत्यमूर्ती यांनी रुग्णांच्या स्नायूंमधील ग्राही अशा रीतीने मोजले, तेव्हा ते निरोगी माणसांच्या मानाने फारच थोडे आढळले. त्याच वर्षी जिम पॅट्रिक आणि जॉन लिंडस्ट्रॉम यांनी विद्युत ईल या माशापासून मिळविलेले ग्राही सशांना टोचले. सशांच्या शरीराने या परक्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार केली. पण ती सशांच्या स्वतःच्या ग्राहींवरही उलटली आणि सशांचे स्नायू लुळे पडले. वॉकर यांच्या औषधाच्या जातीचे औषध दिल्यावर ते ससे काही काळ पुन्हा उभे राहिले. पुढे १९७६ पर्यंत बहुसंख्य रुग्णांच्या रक्तात अशीच प्रतिपिंडे सापडली. रोगजंतूंशी लढण्यासाठी असलेली शस्त्रे रोग्याच्या आपल्याच स्नायूंवर चालविली जात होती. जॉन सिम्प्सन यांनी १९६० सालीच हा तर्क मांडला होता. रोगग्रस्त मातांची काही नवजात बालके काही आठवडे दुबळी असतात आणि मग पूर्ण बरी होतात, ही गोष्ट त्यांच्या तर्काला आधार देणारी होती. मातेच्या रक्तातून बालकात काहीतरी उतरते आणि कालांतराने नाहीसे होते, असा तिचा अर्थ होता.

येथे खरा प्रश्न उभा राहतो. शरीर स्वतःवरच शस्त्र का उगारते? त्याला आवरणारे कोणी नसते काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपण छातीच्या हाडामागे, हृदयाच्या वरच्या बाजूला असलेल्या एका मऊ ग्रंथीपाशी येतो. तिचे नाव थायमस. वयात येईपर्यंत ती ठळक असते आणि पुढे आक्रसत जाऊन तिची जागा चरबी घेते. म्हणून मराठीत तिला ‘यौवनलोपी ग्रंथी’ असे समर्पक नाव आहे. गंभीर स्नायुदौर्बल्याशी तिचा काही संबंध असावा, हा संशय जुना आहे. १९०१ साली जर्मन विकृतिशास्त्रज्ञ कार्ल वायगर्ट यांना या रोगाने मेलेल्या एका रुग्णाच्या थायमसमध्ये गाठ आढळली. १९३६ साली अमेरिकेत नॅशव्हिल येथे ॲल्फ्रेड ब्लेलॉक यांनी एका तरुणीच्या थायमसमधील गाठ काढली आणि तिचे दौर्बल्य पुष्कळच कमी झाले. पुढे बाल्टिमोर येथे त्यांनी गाठ नसलेल्या रुग्णांचीही थायमस काढण्यास प्रारंभ केला. थायमस कशासाठी असते, हे त्या वेळी कोणालाच माहीत नव्हते.

या अज्ञानाची किंमत काही बालकांना द्यावी लागली होती. शवविच्छेदनासाठी येणारी बहुतेक शवे दीर्घ आजाराने खंगून मेलेल्या गरीब माणसांची असत आणि त्यांची थायमस लहान असे. अचानक दगावलेल्या धडधाकट अर्भकांची थायमस मात्र मोठी दिसे. त्यावरून मोठी थायमस हेच मृत्यूचे कारण, असा निष्कर्ष निघाला, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, विशेषतः अमेरिकेत, असंख्य निरोगी बालकांच्या थायमसवर ती लहान करण्यासाठी क्ष-किरण सोडले गेले. त्यांपैकी काहींना पुढे थायरॉइड ग्रंथीचा कर्करोग झाला. १९५० साली हा संबंध प्रथम दाखवून देण्यात आला. प्रत्यक्षात अर्भकांची मोठी थायमसच स्वाभाविक होती. आजारात आणि उपासमारीत अधिवृक्क ग्रंथींतून पाझरणाऱ्या संप्रेरकांमुळे थायमसमधील पेशी मोठ्या संख्येने मरतात आणि ग्रंथी आक्रसते. वैद्यांनी आजाराचा परिणाम हेच प्रमाण मानले होते.

थायमसचे खरे कार्य १९६१ साली लंडनमध्ये जाक मिलर यांनी शोधून काढले. नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस काढली असता ते थोड्याच महिन्यांत संसर्गांनी खंगून मरत आणि परक्या उंदराच्या त्वचेचे कलम त्यांचे शरीर मुकाट्याने स्वीकारीत असे. म्हणजे परके आणि आपले यांतील भेद ओळखण्याची शक्तीच त्यांच्यात निर्माण झालेली नसे. ही शक्ती ज्यांच्या ठायी असते, त्या लसीकापेशींचे शिक्षण थायमसमध्ये होते. अस्थिमज्जेतून निघालेल्या कोवळ्या पेशी तेथे येतात आणि टी-पेशी होऊन बाहेर पडतात.

या शिक्षणसंस्थेचा निकाल मात्र फार कठोर असतो. थायमसमध्ये वाढणाऱ्या शंभर पेशींपैकी चार-पाचच जिवंत बाहेर पडतात. पेशीच्या पृष्ठभागावरील ओळखयंत्रणा जनुकांच्या तुकड्यांची यदृच्छेने जुळणी होऊन बनत असल्यामुळे कोणती पेशी काय ओळखील, हे आधी ठरलेले नसते. ज्यांना काहीच ओळखता येत नाही, त्या निरुपयोगी म्हणून मरतात. ज्या आपल्याच शरीरातील प्रथिनांना घट्ट चिकटतात, त्या धोकादायक म्हणून मरतात. काही थोड्या पेशींना मात्र मृत्यूऐवजी इतरांना आवर घालण्याचे काम दिले जाते. स्वतःवर उलटणाऱ्या पेशी प्रारंभीच नष्ट होत असाव्यात, हे मत ऑस्ट्रेलियाचे मॅकफार्लेन बर्नेट यांनी १९५० च्या दशकात मांडले होते. १९८७ साली अमेरिकेतील जॉन कॅप्लर आणि फिलिपा मॅरॅक यांच्या प्रयोगशाळेने थायमसमध्ये अशा पेशी खरोखरच नाहीशा होताना दाखविल्या.

एवढ्या पेशी मरत असूनही सूक्ष्मदर्शकाखाली थायमसमध्ये प्रेते फारशी का दिसत नाहीत? याचे उत्तर या मृत्यूच्या पद्धतीत आहे. जखमेने किंवा विषाने मरणारी पेशी फुगून फुटते आणि भोवती दाह माजविते. याहून निराळा असा एक शांत मृत्यू असतो, हे १९७२ साली जॉन केर, ॲंड्र्यू वायली आणि ॲलेस्टर करी यांनी निदर्शनास आणले. त्यात पेशी आक्रसते, तिचे केंद्रक तुकडे तुकडे होते, आणि आवरणात बांधलेले हे तुकडे शेजारच्या पेशी पाहता पाहता गिळून टाकतात. दाह नाही, डाग नाही. ॲबर्डीन येथील ग्रीक भाषेच्या एका प्राध्यापकांनी या प्रकाराला ‘ॲपॉप्टोसिस’ हा शब्द सुचविला. त्याचा अर्थ पानगळ. १९८० साली वायली यांनी दाखवून दिले की अधिवृक्क ग्रंथीच्या संप्रेरकासारख्या द्रव्याने थायमसमधील पेशी याच रीतीने मरतात आणि मरताना त्यांच्यातील डीएनए नियमित अंतरावर तुटते. अर्भकांच्या मोठ्या थायमसचे कोडे अशा रीतीने सुटले.

ही पानगळ थांबली तर काय होते, याचे उदाहरण उंदरांच्या एका जातीत मिळते. मृत्यूचा संदेश स्वीकारणारे ‘फास’ नावाचे प्रथिन या उंदरांमध्ये सदोष असते, हे १९९२ साली उघड झाले. त्यांच्या लसीकाग्रंथी सुजतात आणि त्यांचे शरीर स्वतःवर उलटते. १९९५ साली याच दोषामुळे होणारा विकार माणसांच्या मुलांतही सापडला.

आता आपण आपल्या रुग्णाच्या थायमसकडे वळू. धोकादायक पेशी ओळखावयाच्या तर शरीरातील सर्व अवयवांची प्रथिने थायमसमध्येच दाखविण्याची सोय हवी. तशी ती आहे. थायमसच्या गाभ्यातील काही पेशी स्वादुपिंडाची, डोळ्याची, स्नायूंची प्रथिने थोड्या प्रमाणात तयार करून एखाद्या प्रदर्शनासारखी मांडतात. या कामात ‘एअर’ नावाच्या जनुकाचा वाटा मोठा आहे. ते १९९७ साली सापडले आणि त्याचे हे कार्य २००२ साली स्पष्ट झाले. स्नायूतील ग्राहीचे प्रदर्शनही या जनुकावर अवलंबून असते, असे २००७ साली दिसून आले. स्त्री-संप्रेरकांमुळे या जनुकाचे काम मंदावते, असे पॅरिसमधील संशोधकांनी २०१६ साली दाखविले. तरुण स्त्रियांमध्ये हा रोग अधिक का आढळतो, यावर त्यामुळे काही प्रकाश पडतो.

रोग्यांपैकी सुमारे दहा ते पंधरा टक्क्यांच्या थायमसमध्ये गाठ असते. या गाठीत कोवळ्या टी-पेशी मोठ्या संख्येने जन्माला येतात, पण ग्रंथीचा गाभा नीट घडलेला नसतो आणि ‘एअर’ जनुक बहुधा मूक असते. म्हणजे विद्यार्थी भरपूर आणि परीक्षक गैरहजर. ज्या पेशींनी तेथेच मरावयास हवे होते, त्या रक्तात उतरतात. तरुण रुग्णांमध्ये चित्र वेगळे असते. त्यांच्या थायमसमध्ये गाठ नसते. ती वाढलेली असते आणि एरवी लसीकाग्रंथींत आढळणारी प्रतिपिंडनिर्मितीची केंद्रे तिच्यात वसलेली असतात. थायमसमध्ये स्नायुपेशींसारख्या दिसणाऱ्या, ग्राही धारण करणाऱ्या काही पेशी मुळातच असतात. लक्ष्य आणि शस्त्रशाळा अशा रीतीने एकाच ठिकाणी येतात. विवेकाचे शिक्षण देणारी ग्रंथीच वैराचे केंद्र बनते.

या कथेत एक आशादायक बाब आहे, आणि तीही पेशींच्या मृत्यूशीच निगडित आहे. थायमसमध्ये मृत्यू कमी पडतो. पण त्याचा आघात जेथे होतो तेथे पेशी बहुधा मरत नाहीत. प्रतिपिंडे ग्राहींना जोड्याजोड्यांनी बांधतात, तेव्हा स्नायू ते ग्राही वेगाने आत ओढून मोडीत काढतो. रक्तातील ‘पूरक’ प्रथिनांच्या हल्ल्याने स्नायूच्या पृष्ठभागाच्या घड्या सपाट होतात. तरीही स्नायुपेशी आणि मज्जातंतू जगतात आणि नवे ग्राही घडवीत राहतात. हल्ला थोपविला तर शक्ती परत येऊ शकते. ज्या रोगांत मज्जातंतूची पेशीच मरते, त्यांच्यात आणि या रोगात हा मोठा फरक आहे. म्हणून येथे निदानाला झालेल्या विलंबाचे दुःख अधिक: रोग आवरता येण्याजोगा असतो.

उपचारांच्या बाबतीत अनुभव पुढे आणि पुरावा मागे, असे दीर्घकाळ चालले. ब्लेलॉक यांच्या काळापासून जगभर थायमस काढली जात होती. पण गाठ नसलेल्या रुग्णांना तिचा खरोखर लाभ होतो काय, याची काटेकोर चाचणी झाली नव्हती. ती घडवून आणण्यात इंग्लंडचे जॉन न्यूसम-डेव्हिस यांचा पुढाकार होता. २००७ साली रुमानियात मोटार अपघातात त्यांचे निधन झाले. निकाल त्यांना पाहता आला नाही. तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. एकूण १२६ रुग्णांची तीन वर्षे पाहणी झाली. औषधाबरोबर ज्यांची थायमस काढली होती, त्यांचे दौर्बल्य केवळ औषध घेणाऱ्यांपेक्षा कमी राहिले आणि त्यांना प्रेडनिसोनची मात्राही कमी लागली: एका दिवसाआड सरासरी ६० मिलिग्रॅमऐवजी ४४ मिलिग्रॅम. ग्राहीविरुद्ध प्रतिपिंडे असलेल्या रुग्णांपुरताच हा निष्कर्ष आहे. ‘मस्क’ नावाच्या दुसऱ्याच प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे असलेला एक गट २००१ साली ओळखला गेला. त्यात थायमसचा असा सहभाग दिसत नाही.

प्रौढ माणसाला थायमसची गरज उरत नाही, ही समजूतही आता तपासून पाहावी लागत आहे. थायमस काढलेल्या प्रौढांची बोस्टन येथे पाहणी झाली आणि ती २०२३ साली प्रसिद्ध झाली. थायमस न काढलेल्यांच्या तुलनेत या लोकांमध्ये पुढील पाच वर्षांतील मृत्यू आणि कर्करोग यांचे प्रमाण अधिक आढळले. याचा अर्थ स्नायुदौर्बल्याच्या रुग्णाने शस्त्रक्रिया टाळावी, असा होत नाही. गाठ असेल तर ती काढणे बहुतेक वेळा आवश्यकच असते. पण निरोगी थायमस वाटेत आली म्हणून सहज काढून टाकण्याजोगी वस्तू नव्हे, एवढे या पाहणीवरून निश्चित म्हणता येते. शस्त्रक्रियेखेरीज रक्तद्रव बदलून प्रतिपिंडे काढून टाकण्याची पद्धत १९७६ पासून वापरात आहे. २०१७ पासून ‘पूरक’ प्रथिनांना अडविणारी आणि २०२१ पासून प्रतिपिंडांचे आयुष्य घटविणारी औषधेही मिळू लागली आहेत. ती अतिशय महाग आहेत. आपल्यासारख्या देशात मेरी वॉकर यांच्या कुळातली गोळी, स्टेरॉइड आणि योग्य रुग्णाच्या बाबतीत शस्त्रक्रिया, हेच अजून मुख्य आधार आहेत, आणि ते वेळेवर मिळाले तर त्यांचा परिणाम चांगला होतो.

मित्रहो, शेवटी एक व्यावहारिक सूचना करतो. आपल्या घरात वा शेजारी कोणाची पापणी संध्याकाळी ओघळत असेल, जेवता जेवता जबडा थकत असेल, बोलता बोलता आवाज बदलत असेल आणि विश्रांतीने हे सारे कमी होत असेल, तर त्या व्यक्तीला आळशी ठरविण्यापूर्वी मज्जाविकारतज्ज्ञाकडे न्यावे. नेताना संध्याकाळची वेळ निवडावी, अथवा थकलेल्या चेहऱ्याचे छायाचित्र बरोबर न्यावे. रोगाचे निदान झालेले असेल, तर कोणत्याही अन्य आजारासाठी डॉक्टरांकडे जाताना ते आधी सांगावे. काही प्रतिजैविके आणि भूल देताना वापरली जाणारी काही द्रव्ये हे दौर्बल्य एकाएकी वाढवू शकतात. श्वास घेण्यास किंवा गिळण्यास त्रास होऊ लागला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. विश्रांतीने बरे वाटेल, या भरवशावर राहण्याची ती वेळ नव्हे.